शुक्रवारचा नंबर

सोमवार, ३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सांगितलंय, चक्कर आली की तारीख घालून लिहून ठेवत जा. चक्कर काही रोज येत नाही आणि डायरी तर आणून झाली. तेव्हा मधल्या दिवसांचंही लिहावं म्हणते.

विशू परवा परत गेला. जानेवारीत मी स्वयंपाकघरात पडले आणि मुक्ताबाई कामाला येईपर्यंत तशीच पडून राहिले, हे कळल्यावर तो कॅनडातून धावत आला होता. हाड मोडलं नव्हतं. तो पोचला तोवर मी चांगली हिंडत-फिरत होते, त्यामुळे तिकीट फुकट गेल्यासारखं त्याला वाटलं असावं. सूनबाई आल्या नाहीत. संस्कृतीला रजा नव्हती म्हणे. इथे पुण्यात, बिबवेवाडीपर्यंत यायला रजा लागते हे मान्य, साध्या फोनला लागत नाही. पण तो विषय सोडू.

जाताना चिरंजीवांनी एक उद्योग करून ठेवलाय. त्याचा कॉलेजातला जुना लॅपटॉप हॉलमधल्या शोकेसवर उघडून ठेवलाय, तोंड जेवणाच्या टेबलाकडे. त्यातल्या कॅमेऱ्यातून त्याला एडमंटनमध्ये बसून माझा हॉल आणि स्वयंपाकघराचं दार दिसणार. मी पुन्हा आडवी झाले तर त्याला कळावं, हा हेतू. तो तिकडून बघायला लागला की कॅमेऱ्याशेजारी हिरवा ठिपका लागतो. आवाज मात्र जात नाही. ते मीच नको म्हटलं. माझं बोलणं कान देऊन ऐकणाऱ्या सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, ती जागा मला पुन्हा भरायची नाहीये.

"आई, तू नुसती दिसलीस तरी झालं," तो म्हणाला.

दिसण्यापुरती मी अजून ठीक आहे. आज दिवसभर ठिपक्याकडे लक्ष होतं. सकाळी थोडा वेळ लागला होता. प्रवासाने दमला असेल, तरी बघितलंन.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काल गुरुवार, म्हणजे वीजवाल्यांचा दुरुस्तीचा दिवस. सकाळी गेलेली वीज चार वाजता आली. पुण्यात याचं कोणाला काही वाटत नाही, गुरुवारी मिक्सरचं काम कोणी काढतच नाही. पण आज सकाळी चहा गाळत होते तोच विशूचा फोन. चित्र दिसत नाहीये म्हणाला.

मला वाटलं लॅपटॉपने मान टाकली. तसं नव्हतं. टीव्हीशेजारचा वायफायचा पांढरा डबा घरातल्या प्रत्येक यंत्राला एकेक नंबर देतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. वीज गेली की डबा सगळं विसरतो आणि आली की जो आधी हात वर करेल त्याला आधी नंबर. लॅपटॉप पडला म्हातारा. तो जागा होईपर्यंत त्याचा नंबर टीव्हीने पटकावलेला असतो. आणि विशूची विचारणा आली की डबा ती जुन्या नंबराकडेच वळवतो. म्हणजे आई कशी आहे, हे विशू आज सकाळपासून आमच्या टीव्हीला विचारत होता.

मी नोकरीभर टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर बसले. लोक नाव सांगायचे, मी नंबर सांगायचे. जागा बदललेला ग्राहक शोधणं मला नवीन नाही. विशूने सांगितली तशी काळी खिडकी उघडली, त्यात एक शब्द टाइप केला, की ओळींचं भेंडोळं खाली आलं. त्यात आपला नंबर शोधायचा. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, आणि शेवटी सात. परवापर्यंत पाच होता. पुढचे आकडे कायम, शेवटचा तेवढा बदलतो. एक्स्चेंज तेच, ग्राहकाने खोली बदलली. मग डब्याच्या पानावर जाऊन पाचच्या जागी सात लिहायचं. लिहिलं आणि हिरवा ठिपका लागला.

"दिसलीस," विशू म्हणाला. "आई, तो गाऊन अजून टाकला नाहीस?"

"मी पडले तर कळावं म्हणून कॅमेरा आहे. गाऊन तपासायला नाही."

तो हसला. बराच वेळ बोलणं झालं. आमच्या घरात हे नवीनच. आमच्याकडे फोन कामापुरता, काम सांगायचं आणि ठेवायचं. दिवसभर कानात लोकांचे आवाज घेऊन घरी आल्यावर मला फोन बघवत नसे, आणि ह्यांना तर मुळात बोलण्याचाच कंटाळा. विशू त्याच शिस्तीत वाढला. हॉस्टेलमधून त्याचे फोन यायचे ते तारेसारखे. आज कामच लांबलं, म्हणून बोलणं लांबलं. चहा गार झाला तो ओतून दुसरा केला.


शनिवार, १५ फेब्रुवारी

परवा पुन्हा वीज, काल पुन्हा फोन. या खेपेला नऊ नंबर.

काळी खिडकी मला आता डोळे मिटून उघडता येते. तरी विशू एकेक पायरी सांगतो आणि मी ऐकून घेते. मध्ये लॅपटॉप विचार करत बसला की इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात. कोणती भाजी केलीस, लिफ्ट सुरू झाली का, असं. संस्कृती कुठे आहे विचारलं तर म्हणाला क्लासला गेलीय, मातीची भांडी करायच्या. बाहेर बर्फ आणि ही माती मळतेय. हौसेला मोल नाही. मी म्हटलं, "मग तुझं जेवण?" तर म्हणे दूध आणि कॉर्नफ्लेक्स. रात्री! डाएट करत असतील दोघं.

विशू कंपन्यांची नेटवर्कं बसवून देतो. आधी हिंजवडीत करायचा, आता तिकडे तेच. अख्ख्या इमारतीतली यंत्रं एकमेकांना जोडून देतो. मी म्हटलं, "एवढा मोठा इंजिनियर तू, आणि आईचा एक लॅपटॉप तुला एका नंबरावर बसवता येत नाही?"

"घरचे डबे हट्टी असतात आई," तो म्हणाला.

असतील. मी मोठ्या एक्स्चेंजवर काम केलंय, घरच्या डब्यांचं मला काय ठाऊक.

शुक्रवारची मी वाट बघायला लागलेय, हेही लिहून टाकते. बुधवारपासूनच डोक्यात घोळत असतं, काय काय सांगायचं ते.


मंगळवार, २५ फेब्रुवारी

मुक्ताबाईंनी आज संप केला. कॅमेऱ्यासमोर केर काढणार नाही म्हणाल्या.

"वाकल्यालं कोनतरी बघतंय आसं वाटतं. मला न्हाई जमायचं."

"अहो मुक्ताबाई, विशू आहे तो. तुमच्या कडेवर फिरलाय."

"फिरला आसंल. आता बापय मानूस हाय."

आणि हातातलं फडकं त्यांनी लॅपटॉपवर टाकलं. मी काही बोलायच्या आत फोन वाजला.

"आई! काय झालं? सगळं काळं झालं एकदम." चांगली धाप लागली होती त्याला.

फडक्याचं सांगितलं. म्हटलं, "तू काय सकाळपासून डोळे लावून बसलायस का?"

"छे, सहज उघडलं होतं."

सहज उघडलं आणि नेमकं त्याच क्षणी काळं झालं. योगायोग म्हणायचा. मी ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, "पाठ कशी आहे?"

"तिला काय झालंय?"

"काल संध्याकाळी खुर्चीवरून उठताना धरलीस, म्हणून म्हटलं."

मला आठवेना. संध्याकाळी म्हणजे त्याच्याकडे भल्या पहाटे. कामावर जायच्या आधी एक नजर टाकत असेल. मुक्ताबाईंशी शेवटी तह झाला. त्या केर काढेपर्यंत फडकं राहील आणि फडकं टाकण्याआधी मी कॅमेऱ्याला हात दाखवीन, म्हणजे साहेब घाबरणार नाहीत.


शुक्रवार, ७ मार्च

नंबर चार. मंडईतून सोलाणे आणले होते ते सोलत सोलत फोन घेतला. त्याने पिशवी आधीच बघितली होती, "मंडईत एकटी गेलीस? बसने?" म्हणून रागावला. मग नंबर बदलून झाला. मला वाटलं आता ठेवतो म्हणेल. तेवढ्यात खाली कचऱ्याची गाडी आली, तिचं ते कर्ण्यावरचं गाणं लावून.

"आई, जरा खिडकीशी जा ना. फोन बाहेर धर."

धरला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत फोन बाहेर काढून उभी राहिले. समोरच्या गच्चीतल्या बाई बघत होत्या. बारावीला असताना याच गाण्यापायी हा खिडक्या आपटायचा. परदेशात राहून माणसाच्या आवडीनिवडी पार बिघडतात.

संस्कृती ऑफिसच्या कामाने कॅलगरीला गेलीय. नोकरी बरीच फिरतीची दिसते. मी म्हटलं तिला माझा आशीर्वाद सांग, तर "हो" एवढंच म्हणाला. आजकाल तिचं नाव काढलं की असा तुटक बोलतो. तिनेच बजावलं असेल, सासूशी फार बोलू नकोस म्हणून.


शुक्रवार, २१ मार्च

आज मी खूश आहे. कारण लिहिते.

काल वीज आल्यावर म्हटलं, विशूच्या फोनची वाट कशाला बघा, आपणच नंबर बदलून ठेवू. डब्याचं पान उघडलं. आजवर फक्त विशूने सांगितलेल्या ठिकाणी बोट लावत होते. काल सावकाश सगळं वाचून काढलं. एका जागी घरातल्या यंत्रांची नावं आहेत, माझा फोन, टीव्ही, लॅपटॉप, आणि प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन. वर लिहिलंय 'रिझर्व्ह'. रिझर्व्ह म्हटल्यावर मला लगेच कळलं. आगगाडीत नाही का, एकदा नावावर जागा झाली की दारात कितीही रेटारेटी होवो. लॅपटॉपपुढे खूण केली.

मग डबा बंद करून चालू केला. नंबर तोच. पुन्हा केला. तोच! खात्यात बढती मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

आज चित्र नीट दिसत असणार म्हणून विशूचा फोन येईना. शेवटी मीच केला. काम होतंच.

"विशू, तुझं दर आठवड्याचं झंझट मी संपवलं," म्हटलं आणि खुणेचं सगळं सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तू कशी शोधलीस?" त्याने विचारलं.

"वाचून. लिहिलेलंच असतं की तिथे."

"म्हणजे आता नंबर बदलणार नाही."

"कधीच नाही. वीज गेली काय, आली काय."

"छान केलंस आई."

"तुला कशी नाही सुचली रे ही खूण? पगार कसला घेतोस?"

"नाही सुचली," तो म्हणाला. आवाज दमलेला होता. मग म्हणाला, "ठेवतो मग." एरवी 'ठेवते' असं मी म्हणते, आज त्याने म्हटलं. कामाचा ताण असेल.

चला, दर आठवड्याला एक संध्याकाळ जायची बिचाऱ्याची, ती वाचली.


शुक्रवार, २८ मार्च

काल वीज गेली, आली. लॅपटॉप आपल्या जागेवर. ठिपका सकाळी लागला, दुपारी मी जेवून उठले तरी होता. सगळं उत्तम चाललंय.

फोन नाही. यायचं कारणच नाही.


रविवार, ३० मार्च

पाडवा. बाल्कनीत गुढी उभारली. खुर्चीवर चढले नाही, काठी खालूनच बांधली, विशूला दिसलं असतं तर ओरडला असता. श्रीखंडाचा सगळ्यात लहान डबा आणला तरी आठवडाभर पुरेल. पुऱ्या तळायचा कंटाळा केला नाही.

विशूचा संदेश आला, गुढीचं तयार चित्र, शुभेच्छा, खाली 'विशू'. दरवर्षी दोघांची नावं असतात. घाईत राहिलं असेल.

ठिपका पहाटेपासूनच लागलेला. म्हणून चांगली साडी नेसून टेबलाशी बसले, कॅमेऱ्याकडे तोंड करून. वाटी उचलून दाखवली. दोन पुऱ्या झाल्या, तिसरी घेतली, तीही दाखवली. तिकडून काय उत्तर येणार? मग माझं मलाच चमत्कारिक वाटलं आणि वाटी खाली ठेवली.

आज फार एकटं वाटलं. नुसतं लिहून ठेवते, डॉक्टरांनी याला चक्कर समजू नये.


बुधवार, ९ एप्रिल

शुक्रवार येतात आणि जातात. सकाळी चहा केला की कप घेऊन मी फोनजवळ बसते. बसते कशाला, हे मलाच कळत नाही. मुलगा मला रोज बघतोय. मी दिसतेय, धडधाकट आहे, त्याला काळजी नाही. याहून आईला काय हवं? असं मनाला बजावते आणि तरी कप घेऊन तिथेच बसून राहते.

आज फोन करावा म्हणून काम शोधत होते. गॅसचा नंबर लावलेला आहे. औषधं महिनाभराची आहेत. रक्तदाब माझ्या वयाच्या मानाने देखणा. सोसायटीची सभासुद्धा या वेळी भांडणाशिवाय पार पडली. त्याला विचारावं असं एकही काम घरात निघेना. इतकी टापटीप मी का राहते?

माझ्या ओळखीतल्या बायका मुलांना नुसत्या फोन लावतात. "काय चाललंय?" म्हणतात आणि तासभर बोलतात. ऐकताना मला नेहमी वाटायचं, लाईन उगाच अडवून ठेवतात. त्यांना जमतं. मला फोन लावून "काय चाललंय" म्हणवत नाही. तोही म्हणेल, आईला झालंय काय.

संध्याकाळी डब्याचं पान उघडलं आणि लॅपटॉपपुढची खूण काढून टाकली. वेडेपणा आहे, मान्य. पण उद्या गुरुवार. वीज जाईल, टीव्ही त्याची जागा घेईल, परवा चित्र दिसणार नाही आणि फोन येईल.


गुरुवार, १० एप्रिल

महावीर जयंती. वीजवाल्यांनी आज दुरुस्ती ठेवली नाही. दिवसभर पंखा फिरत होता.

एरवी सणावारीही सोडत नाहीत.


शुक्रवार, ११ एप्रिल

विजेवर विसंबून चालत नाही म्हणून आज सकाळी ठिपका विझलेला बघून डबा मीच बंद केला. लॅपटॉपही बंद केला. थोड्या वेळाने आधी डबा, मग टीव्ही, माझा फोन, आणि सगळ्यात शेवटी लॅपटॉप चालू केला. काळी खिडकी उघडली.

नंबर तोच.

पुन्हा केलं. पुन्हा तोच. जो लॅपटॉप दर आठवड्याला जागा सोडायचा, तो आता हलायला तयार नाही. थोडाच वेळ बंद राहिल्याने डबा काही विसरला नसावा. नंबर मी स्वतःच्या हाताने चुकीचा लिहू शकले असते. पण तेवढं धाडस होईना. नोकरीभर मी कोणाला चुकीचा नंबर दिला नाही.

एवढ्यात हिरवा ठिपका लागला. मी उठून स्वयंपाकघरात गेले, ओट्याच्या बाजूला. तिथे कॅमेरा पोचत नाही. तिथे उभी राहून रडले. चांगली रडले. तोंड धुतलं आणि हॉलमध्ये येऊन वर्तमानपत्र उघडून बसले, म्हणजे त्याला काळजी नको.


शनिवार, १२ एप्रिल

आज सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी उठले तेव्हा ठिपका लागला होता. अंघोळ झाली, देवपूजा झाली, मुक्ताबाई फडकं टाकून आणि काढून गेल्या, ठिपका होताच. जेवायची पानं घ्यायची वेळ झाली तरी तसाच. पानं म्हणजे पान, एकच. मग माझं घड्याळाकडे लक्ष गेलं. म्हटलं, तिकडे मध्यरात्र उलटून गेली. हा चालू ठेवून झोपलाय की जागा आहे? आणि जागा असेल तर रोज इतक्या वेळपर्यंत हा माझ्या रिकाम्या हॉलमध्ये काय बघतो?

हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. ठिपका तर मी रोज बघत होते.

फोन उचलला. काय काम सांगायचं ते ठरवलं नव्हतं. एक रिंगही पुरती झाली नाही.

"आई? काय झालं? उभी तर आहेस. चक्कर येतेय का? आधी खाली बस."

"काही झालेलं नाही."

"मग?"

"काही काम नाही विशू. असाच लावला."

लाईन गेली तर कानाला पोकळ लागतं, ते मला इतक्या वर्षांनी बरोबर कळतं. लाईन गेलेली नव्हती.

"तू जागा का अजून?" मी विचारलं.

"झोप येत नाही."

"आणि संस्कृती?"

"संस्कृती इथे नाहीये आई."

"पुन्हा कॅलगरी?"

"नाही गं. दिवाळीच्या आधीच गेली. वेगळी राहते. आता कागदपत्रं वगैरे सुरू होतील."

मी खुर्ची धरून बसले. दिवाळी म्हणजे जानेवारीत तो इथे आला त्याच्याही आधी. इथे राहिला, माझ्याबरोबर जेवला, औषधं आणली, लॅपटॉप बसवला आणि गेला. मातीची भांडी काय, कॅलगरी काय, मी सगळं ऐकून घेतलं आणि वर त्या पोरीलाच नावं ठेवत बसले.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय म्हणून फोन करायचा आई? तुझ्याकडे माझं काही काम नव्हतं."

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नाही. खरं तेच सांगितल्यासारखं म्हटलं.

मग तोच बोलत राहिला. कॅमेरा आधी खरंच माझ्यासाठी लावला होता म्हणाला. पण कामावरून घरी आलं की तिकडे काहीच हलत नाही. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी. मग तो हे चित्र लावून बसतो. मी भाजी निवडते, मुक्ताबाई भांडतात, उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकतो. घरात कोणीतरी आहे असं वाटतं. मी अंघोळीला गेले की तो माझी बाहेर यायची वाट बघतो.

"तू रोज दिसायचीस ना, त्यामुळे बरं वाटायचं."

"मला तू दिसत नव्हतास," मी म्हटलं.

यावर तो रडला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज दाबून. मी कधी ऐकलं नव्हतं. हे गेले तेव्हासुद्धा त्याने सगळी धावपळ केली होती आणि डोळे कोरडे ठेवले होते. मी "रडू नकोस" म्हटलं नाही. मलाही आवरत नव्हतं आणि या खेपेला मी कॅमेऱ्यासमोरच होते.

थोड्या वेळाने विचारलं, "ती खूण तुला माहीत होती ना?"

"होती."

"पहिल्या दिवसापासून?"

"लॅपटॉप बसवतानाच करणार होतो. मग म्हटलं, राहू दे. तेवढाच शुक्रवारी फोन होईल."

"मग मी केली तेव्हा बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू इतकी खूश होतीस आई."

मी काढून टाकलेल्या खुणेचं त्याला सांगितलं, बंद-चालू केलेल्या डब्याचंही सांगितलं. काल चित्र लागलं तेव्हा लॅपटॉपपाशी माझी काहीतरी खटपट चाललेली त्याने बघितली होती. त्याला वाटलं मी लॅपटॉप पुसतेय. तो रडता रडता हसला आणि मला बरं वाटलं.

"जेवलास?"

"नाही."

"घरात काय आहे?"

"तांदूळ आहेत. मुगाची डाळ असेल थोडी."

"ऊठ. कुकर लाव."

"आत्ता? आई, एक वाजून गेलाय इथे."

"तुझ्याकडे वाजू दे. माझ्याकडे जेवायची वेळ झालीय."

तो उठला. पावलं ऐकू आली, कपाटाचं दार, मग नळाचं पाणी. डाळ-तांदूळ एकत्रच धू म्हटलं, हळद घाल, पाणी बोटाच्या पेरापर्यंत ठेव. हिंग नाही म्हणाला, म्हटलं नसू दे. गॅस पेटवल्यासारखा काही आवाज आला नाही, तिकडे सगळं विजेवर. मला वाटलं आता काम झालं, त्याला हात मोकळे हवेत, ठेवावा.

"आई, ठेवू नकोस," तो म्हणाला.

"नाही ठेवत."

खुर्ची लॅपटॉपसमोर ओढून घेतली आणि फोन कानाशी धरून बसले. माझं पान वाढलेलं होतं ते तसंच झाकून ठेवलं. त्याचा कुकर होईपर्यंत आम्ही दोघंही फारसं काही बोललो नाही.